कॉन्व्हेंट शाळेत मूल घालताना: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या एका उपनगरातील सिस्टरांच्या शाळेत मी २६ वर्षे मराठी शिकवले. दर जूनमध्ये नवे पालक शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन हळू आवाजात मराठीतून जे प्रश्न विचारत, ते वर्षानुवर्षे जवळपास तेच असत. कार्यालयात ते विचारण्याचा त्यांना संकोच वाटे. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती प्रामुख्याने महाराष्ट्रातील, राज्य मंडळाशी संलग्न असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या कॅथलिक शाळांना लागू पडतात.

शाळेच्या नावात ‘कॉन्व्हेंट’ आहे, म्हणजे ती सिस्टरांचीच शाळा असते का?

नाही, आणि ही चौकशी पालकांनी सर्वांत आधी करावी. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ, त्यांची राहण्याची वास्तू. मठाच्या आवारात त्यांनी चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. मात्र या शब्दाला प्रतिष्ठा आली आणि तो कोणीही पाटीवर लिहू लागले. विदर्भात तर बालवाडीच्या वर्गांनाच ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. तेथे ‘पोरगी कॉन्व्हेंटला जाते’ याचा अर्थ ती केजीत आहे एवढाच असतो.

उलट बाजूने पाहिले तर प्रत्येक ख्रिस्ती शाळा कॅथलिक नसते आणि प्रत्येक कॅथलिक शाळा कॉन्व्हेंट नसते. पुण्यातील बिशप्स आणि सेंट मेरीज या शाळा अँग्लिकन परंपरेतल्या आहेत. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स किंवा मुंबईची सेंट झेवियर्स या शाळा कॅथलिक आहेत, परंतु त्या येशूसंघीय धर्मगुरूंनी, म्हणजे जेझुइट फादरांनी, उभारल्या. अनेक शाळा चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, असतात आणि मुंबईत त्यांचा कारभार धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळामार्फत चालतो. तेथे मुख्याध्यापक फादर, सिस्टर किंवा सर्वसामान्य शिक्षक यांपैकी कोणीही असू शकतात. त्यामुळे ‘ही शाळा कोणत्या संघाची?’, म्हणजे धर्मभगिनींच्या वा धर्मगुरूंच्या कोणत्या संघटनेची, हा एकच प्रश्न विचारावा. खऱ्या कॉन्व्हेंटमध्ये शिपाईसुद्धा त्याचे उत्तर देतो.

या शाळा आपल्याकडे कशा आल्या?

एकोणिसाव्या शतकात भारतातील कॅथलिक बिशपांनी युरोपातील धर्मभगिनींच्या संघांना बोलावले. त्यांच्यापुढचा तातडीचा प्रश्न होता तो छावण्यांमधील आयरिश सैनिकांच्या मुलींचा, अँग्लो-इंडियन कुटुंबांचा आणि अनाथ बालिकांचा. फ्रान्समधील लियाँ येथे १८१८ मध्ये क्लोदीन तेव्हने यांनी स्थापन केलेल्या ‘जीझस अँड मेरी’ संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला पोचल्या आणि पुढे मुंबई-पुण्याकडे आल्या. बेल्जियममधील लिएज येथे १८३३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ संघाच्या सिस्टर १८६२ मध्ये कराचीत उतरल्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. वांद्र्याचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आणि पाचगणीचे १८९५ मधील सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही त्याच संघाची कामे. माहीमची कनोसा शाळा इटलीतील वेरोना येथे १८०८ मध्ये मॅग्डलेन कनोसा यांनी सुरू केलेल्या संघाची आहे. वांद्र्यालाच ‘अपोस्तोलिक कार्मेल’ या संघाची शाळा आहे. त्याच्या सिस्टर १८७० मध्ये मंगळूरला आल्या आणि तेथूनच त्यांचे काम पसरले.

त्या काळच्या पद्धतीत एकाच आवारात पैसे भरणाऱ्या मुलींची बोर्डिंग शाळा आणि बिनपैशांचे अनाथालय अशी दोन दारे असत, आणि पहिल्याच्या उत्पन्नावर दुसरे चाले. आज आपण ज्याला ‘उच्चभ्रू कॉन्व्हेंट’ म्हणतो, त्याच्या पायात ही व्यवस्था आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असते.

मराठी आणि गुजराती घरांतील मुलांसाठी या शाळांचे दार कायद्याने बंद होण्याची वेळही एकदा आली होती. ६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई सरकारने आदेश काढला की, ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशी, म्हणजे मुख्यतः अँग्लो-इंडियन, आणि बिगर-आशियाई वंशाची मुले सोडून इतर कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नव्याने प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेच्या निमित्ताने हे प्रकरण न्यायालयात गेले. ती शाळा कॅथलिक नव्हती, पण निकालाचा परिणाम सर्वच शाळांवर होणार होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या २९(२) या कलमाचा आधार घेऊन आदेशातील ही प्रवेशबंदी रद्द ठरवली. आपल्या घरातील आजी जर साठच्या दशकात कॉन्व्हेंटला गेली असेल, तर तिच्या दप्तरामागे हा निकाल होता.

आम्ही ख्रिस्ती नाही. प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो, बहुतेक कॉन्व्हेंट शाळांमध्ये हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन मुलांची संख्या मोठी असते आणि अनेक ठिकाणी ख्रिस्ती मुलेच अल्पसंख्य असतात. मात्र प्रवेशाचा प्राधान्यक्रम समजून घ्यावा. घटनेच्या ३०(१) या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, म्हणून साधारणपणे आधी कॅथलिक मुले, मग शाळेत शिकणाऱ्यांची भावंडे, माजी विद्यार्थिनींची मुले, आणि त्यानंतर परिसरातील इतर, असा क्रम असतो. कॅथलिक पालकांना मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागतो. इतरांना जन्मदाखला, आधार आणि पत्त्याचा पुरावा पुरतो.

शिक्षणहक्क कायद्यातील, दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांची सोडत येथे लागू होत नाही. हा कायदा २००९ चा असला, तरी ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, त्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे जावा यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

माझे स्वतःचे मत असे आहे की, सूट कायद्याने मिळाली तरी ती पुरेपूर वापरावीच असे नाही. ज्या संघांची स्थापना गरीब मुलींसाठी झाली, त्यांच्या शाळांनी वस्तीतील घरकामगार बाईच्या मुलीसाठी चार जागा स्वतःहून ठेवाव्यात. काही शाळा हे गाजावाजा न करता करतात, फी माफ करतात आणि वर्गात कोणाला कळूही देत नाहीत. अशी उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

मुलाला ख्रिस्ती धर्म शिकवतील का?

घटनेच्या २८(३) या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही, अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. प्रत्यक्षात वेळापत्रकात आठवड्याचे दोन-तीन तास असे असतात की, कॅथलिक मुले ‘कॅटेकिझम’ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला, जातात आणि त्याच वेळी बाकीची मुले ‘मॉरल सायन्स’ किंवा मूल्यशिक्षणाला बसतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली सामुदायिक उपासना, कॅथलिक मुलांसाठी असते. सकाळच्या प्रार्थनेत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना इंग्रजीत होते आणि ती सगळ्याच मुलांना पाठ होते. हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबरात व्हरांड्यात गव्हाणीचा देखावा मांडला जातो आणि मुले हौसेने कॅरल म्हणतात.

ज्यांना एवढेही नको असेल त्यांनी ही शाळा निवडू नये, असे मी स्पष्टपणे सांगत असे. ज्यांना चालते, त्यांच्या मुलांचे देवघर काही सुटत नाही. माझ्या वर्गातील मुली परीक्षेच्या दिवशी आवारातील मरियामातेच्या ग्रोटोपुढे, म्हणजे गुहेसारख्या देवळीपुढे, हात जोडत आणि त्याच संध्याकाळी घरी रामरक्षा म्हणत.

शाळेतला दिवस कसा असतो?

पहिली घंटा झाली की जो जेथे असेल तेथे थांबतो आणि दुसऱ्या घंटेला रांगेत येतो. या दोन घंटांमधली शांतता नव्या मुलाला प्रथम भिववते आणि महिन्याभरात आपलीशी वाटू लागते. मग प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, बातम्या आणि एखाद्या वर्गाचे छोटे सादरीकरण. मंचावर उभे राहून ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याची पाळी येथे वर्गातल्या प्रत्येकावर येते, केवळ हुशार मुलांवर नाही. कॉन्व्हेंटमधील मुले धीट असतात असे म्हणतात, त्याचे खरे कारण इंग्रजीपेक्षा या पाळीत आहे असे मला वाटते.

मूल शाळेत आले की त्याला एक ‘हाउस’, म्हणजे स्पर्धांसाठीचा गट, मिळतो: लाल, निळा, हिरवा, पिवळा, काही ठिकाणी संतांच्या किंवा संस्थापिकांच्या नावाचा. तो दहावीपर्यंत बदलत नाही. वक्तृत्व, समूहगान, खेळ, वर्गाची स्वच्छता, सगळ्याचे गुण त्या हाउसला जातात, त्यामुळे वर्गात कायम मागे राहणारी मुलगी रिले शर्यतीत पहिली आली की साऱ्या हाउसची लाडकी होते. नववी-दहावीच्या मुलींतून प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थी-प्रमुख, निवडतात, आणि त्यांच्या बिल्ले देण्याच्या समारंभाला पालकांना बोलावतात. या समारंभाला आई-वडील दोघांनी जावे. अर्ध्या दिवसाची रजा पडली तरी हरकत नाही.

‘कॅलेंडर’ नावाची छोटी वही मुलाजवळ रोज असावी लागते. शाळेचे नियम, सुट्ट्यांची यादी, शालागीत, उशिरा आल्याची नोंद, शिक्षकांचे शेरे आणि पालकांची सही हे सर्व तिच्यातच असते. ही वही रोज रात्री उघडणारे पालक आणि थेट ओपन डेला, म्हणजे पालकांना प्रगती दाखवण्याच्या दिवशी, उघडणारे पालक, हे शिक्षकाला पहिल्या महिन्यातच ओळखू येतात.

वार्षिक दिवसांपैकी तीन मुलांना जन्मभर आठवतात. एक, क्रीडादिन आणि त्याआधी दोन महिने उन्हात चालणारा मार्च-पास्ट व कवायतीचा सराव. दुसरा, संस्थापिकेचा किंवा मुख्याध्यापिका सिस्टरांचा फीस्ट डे, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, ज्या दिवशी मुली नाच-गाणी सादर करतात, मिठाई वाटली जाते आणि बहुधा अर्धी सुट्टी मिळते. तिसरा, दहावीचा निरोप समारंभ. वांद्र्याच्या शाळांत यात आणखी एकाची भर पडते: ८ सप्टेंबरच्या सुमारास डोंगरावरच्या माउंट मेरीची जत्रा भरते आणि त्या आठवड्यात मुलांचे लक्ष फळ्याकडे राहत नाही.

मुलींच्या शाळेत मुलगे कसे?

बऱ्याच कॉन्व्हेंट शाळा चौथीपर्यंत मुलग्यांना घेतात आणि पुढे त्यांना जवळच्या फादरांच्या शाळेत किंवा अन्यत्र जावे लागते. पाचवीचा प्रवेश आपोआप होईल असे गृहीत धरू नये. तिसरीतच चौकशी करावी. अलीकडे काही शाळा दहावीपर्यंत सहशिक्षणाच्या झाल्या आहेत.

शिस्त फार कडक असते, शिक्षा करतात, हे खरे का?

शिस्त आहे. बूट पॉलिश केलेले, नखे कापलेली, पिनाफोअरची लांबी गुडघ्याखाली, लांब केस असतील तर दोन वेण्या आणि ठरलेल्या रंगाची रिबन. पूर्वी तळहातावर पट्टी बसत असे आणि तो काळ चांगला होता असे म्हणणारे माजी विद्यार्थी भेटतात. मला ते कधीही पटले नाही. आता मारणे पूर्णपणे चुकीचे मानले जाते आणि तसे घडल्यास पालकांनी लेखी तक्रार करावी, तोंडी बोलून परत येऊ नये. शब्दांनी केलेला अपमान मात्र अजून सर्वत्र थांबलेला नाही, आणि मुलाच्या मनावर तोच अधिक काळ राहतो. मूल शाळेत जायला सलग काही दिवस रडत असेल, तर कारण गृहपाठ नसून कोणाचे तरी बोलणे असू शकते.

टिकली, बांगड्या, मेंदी चालते का?

बहुतेक शाळांत दागिने, मेंदी आणि नेलपॉलिश यांना गणवेशाच्या नियमानुसार मनाई असते. यावरून दर श्रावणात तणाव होतो. मुलगी मामाच्या लग्नाहून मेंदी रंगलेल्या हातांनी सोमवारी शाळेत येते आणि तिला वर्गाबाहेर उभे केले जाते, असे एका शाळेत माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे, आणि ते अन्यायाचे होते. मेंदी पुसता येत नाही. सात वर्षांच्या मुलीचा त्यात काय दोष? समारंभ असेल तर आदल्या आठवड्यातच कॅलेंडरमध्ये चार ओळी लिहून द्याव्यात. समंजस सिस्टर ते मान्य करतात. माझ्या अनुभवात बहुतेकींनी केले. लहानशी टिकली, कानातले साधे डूल, शीख मुलाचा पटका, यांना सहसा हरकत नसते. गणपतीच्या सुट्टीबाबत शाळा सरकारी यादी पाळतात, पण घटक चाचणी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी येणार नाही, हे पालक-शिक्षक संघाने वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून घ्यावे.

शाळेत मराठी बोलल्यास दंड होतो का? मुलाचे मराठी कच्चे राहील का?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

दंडाची पद्धत होती. मराठी वा हिंदी शब्द तोंडातून निघाला की चार आणे डब्यात टाकायचे, किंवा एक बिल्ला गळ्यात घालायचा आणि दुसरी कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत तो मिरवायचा, असे प्रकार काही शाळांत चालत. इंग्रजीचा सराव व्हावा हा हेतू मी समजू शकते, पण आपल्या आईची भाषा ही पकडले जाण्याची गोष्ट आहे असे ज्या मुलाला सहाव्या वर्षी कळते, त्याचे होणारे नुकसान कोणत्याही इंग्रजीने भरून येत नाही. आपल्या मुलाच्या शाळेत असा बिल्ला असेल, तर सभेत उठून विरोध करावा.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक झाले आहे. राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळांत ते पूर्वीपासूनच होते. तथापि पालकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना नववी-दहावीला प्रथम भाषेचे ‘कुमारभारती’ हे पुस्तक असते, तर इंग्रजी माध्यमातील मुले बहुधा ‘अक्षरभारती’ शिकतात, जे द्वितीय भाषेसाठी आहे. त्याखालच्या इयत्तांत ‘सुलभभारती’ असते. धडे सोपे, उतारे छोटे, व्याकरण मर्यादित. म्हणून दहावीला मराठीत नव्वद गुण मिळवलेली मुलगी दिवाळी अंकातील एक दीर्घ कथा सलग वाचू शकेलच असे नाही. गुणपत्रिकेवर समाधान मानू नये.

शाळा जे करू शकत नाही ते घराने करावे: रात्री वीस मिनिटे मोठ्याने मराठी वाचन, आजीला पत्र, बाजाराची यादी मराठीत. आणि मुलाने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पालकांनी मोडक्या इंग्रजीत उत्तर देऊ नये. माझ्या वर्गात ज्यांचे मराठी उत्तम होते, त्यांतल्या बऱ्याच मुलींचे आई-वडील चाळीत राहणारे, कमी शिकलेले आणि घरात फक्त मराठी बोलणारे होते.

कॅथलिक म्हणजे मराठीपासून दूर, हा समज तर मुळीच धरू नये. वसईतील चर्चमध्ये मिस्सा मराठीतून होते आणि तेथे सिस्टरांनी व चर्चने मराठी माध्यमाच्या शाळाही चालवल्या आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठी पुराण रचले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे कॅथलिक धर्मगुरू होते. आमच्या शाळेतील वसईकडच्या सिस्टर ग्रंथालयासाठी दर वर्षी मराठी पुस्तकांची यादी माझ्याकडून मागून घेत, आणि कार्यालयाने खर्चाला कात्री लावली तर स्वतः जाऊन भांडत.

फी किती असते?

शाळेनुसार फार फरक पडतो, म्हणून आकडा देण्यात अर्थ नाही. अनुदानित वर्गांतील शिक्षकांचे पगार सरकार देते आणि तेथील फी कमी असते. विनाअनुदानित विभाग सगळा खर्च फीमधून काढतो. एकाच आवारात माध्यमिक विभाग अनुदानित आणि पूर्वप्राथमिक विनाअनुदानित अशी रचना सर्रास आढळते, त्यामुळे फी विचारताना इयत्तेसह विचारावी. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो आणि त्या समितीतील पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडले जातात. नाव द्यावे, पुष्कळ पालक देतच नाहीत.

सिस्टरांना पगार मिळतो का? त्या कशा राहतात?

धर्मभगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. अनुदानित शाळेतील सिस्टरला इतर शिक्षकांप्रमाणेच वेतन मिळते, पण ते तिच्या हाती राहत नाही, संघाकडे जमा होते. त्या वेतनातून प्राप्तिकर कापावा की नाही यावर अनेक वर्षे वाद चालला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर कापला जाईल असे ठरवले. पूर्वीचा पायघोळ झगा आणि डोक्यावरील कडक आच्छादन (व्हेल) १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हळूहळू साधे झाले. आज अनेक संघांच्या सिस्टर साडी नेसतात. त्यांची संख्याही घटली आहे. मी लागले तेव्हा आमच्या शाळेत नऊ सिस्टर शिकवत होत्या, निवृत्त झाले तेव्हा दोन. यापुढे कॉन्व्हेंटचा वर्ग प्रत्यक्षात सर्वसामान्य शिक्षिकाच चालवणार आहेत, म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा त्यांच्याशीही बोलून घ्यावे.

आम्हांला इंग्रजी बोलता येत नाही. मुख्याध्यापिकांना कसे भेटावे?

सरळ मराठीत किंवा हिंदीत बोलावे. समोरच्या सिस्टर केरळच्या, मंगळूरच्या, झारखंडकडील छोटा नागपूरच्या किंवा वसईच्या असतील. त्यांनाही इंग्रजी शाळेतच शिकावे लागले आहे. ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ एवढे म्हणून पुढे आपल्या भाषेत यावे. मुलाला दुभाषा म्हणून मध्ये उभे करू नये, कारण तक्रार त्याच्याविषयीच असेल तर तो ती गाळून सांगतो. भेटीची वेळ कॅलेंडरच्या पहिल्या पानांवर छापलेली असते, आणि जाताना ते कॅलेंडर सोबत न्यावे.